थांब म्हणणारा वस्ताद

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे लेखरूप)



गणपतीबाप्पासमोर उभे राहून व्यायामावर बोलायचे म्हणजे जरा धाडसच आहे. बाप्पा स्वतः लंबोदर, पुढ्यात मोदकांचे ताट, आणि माझ्यानंतर महाप्रसाद. तरीही कार्यकारिणीने हा विषय आग्रहाने दिला, कारण आपल्या मंडळातील तरुणांचे छंद आता बदलले आहेत. पूर्वी उत्सवात कॅरम आणि लिंबू-चमचा यांवर समाधान असे. आता आपली मुले-मुली पहाटे चारला उठून मरीनावर धावतात, ईसीआरवर सायकली पिटाळतात, जिममध्ये घड्याळ लावून वजने उचलतात. आठ वेळा एकेक किलोमीटर धावायचे आणि प्रत्येक धावेनंतर एक जड काम उरकायचे, अशी 'हायरॉक्स' नावाची जर्मनीत निघालेली स्पर्धा २०२५ मध्ये मुंबईतही झाली. क्रॉसफिट तर त्याआधीच आपल्याकडे येऊन पोचले होते. हौसेने घाम गाळणारी ही पिढी पाहून मला मनापासून आनंद होतो.

पण माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा. त्यामुळे या हौसेची दुसरी बाजू माझ्या टेबलावर येते. कुणाचा गुडघा, कुणाची टाच, कुणाची कंबर, कुणाचा खांदा. यातला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "आता कोणता व्यायाम करू?" "विश्रांती किती घेऊ?" असे विचारणारा क्वचितच भेटतो. आज मी या न विचारलेल्या प्रश्नावर बोलणार आहे.

अर्ध्या तासाची किंमत

सुरुवात आपल्या मातीतल्या माणसापासून करू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांना तिथे पाठवण्यासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केले. हे आपण सर्वजण जाणताच.

त्या स्पर्धेतला पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. जपानच्या शोहाची इशीबरोबर खाशाबांची कुस्ती खूप लांबली आणि ती ते हरले. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत रशियाच्या राशीद मम्मदबेयोवशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून "आमचा गडी अर्ध्या तासाने उतरेल" असे ठणकावणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. पुढे इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

विश्रांती मिळाली असती तर निकाल फिरला असता का, हे कुणी सांगू शकणार नाही. पण मला नेहमी वाटते, या माणसाला पैसे उभे करून देणारे भेटले, खांद्यावर घेऊन नाचणारे भेटले. त्या घडीला त्याच्यासाठी "थांबा" म्हणणारा मात्र कुणी नव्हता. खेळाडूला ताकदीइतकीच या माणसाची गरज असते.

ताकद वाढते केव्हा?

आपली समजूत अशी असते की व्यायाम करताना शरीर बळकट होते. खरे तर व्यायाम करताना शरीर झिजते. स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, त्यांतला साखरेचा साठा संपतो, हाडांवर सूक्ष्म ताण पडतो. व्यायाम संपल्यावर शरीर ही पडझड दुरुस्त करते, आणि पुढच्या वेळी असेच ओझे आले तर निभावे म्हणून आधीपेक्षा थोडे जास्त मजबूत बांधते. म्हणजे व्यायाम ही बांधकामाची मागणी असते. बांधकाम होते ते विश्रांतीत. गवंड्याने भिंत ओली असतानाच वर दुसरा मजला चढवला तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, आणि या सभागृहात तर इंजिनिअरच जास्त आहेत.

यात एक मेख आहे. शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने दुरुस्त होत नाहीत. जोरदार व्यायामानंतर स्नायूंची बांधणी साधारण एक-दोन दिवस चालते. अंग आंबते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त आणि मग उतरते. स्नायू हाडाला जोडणारे जे स्नायुबंध असतात, त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून ते महिन्यांच्या हिशोबाने सुधारतात. हाडाची तऱ्हा आणखी वेगळी. ताण पडलेल्या जागी शरीर आधी जुने हाड पोखरून काढते आणि मग नवे भरते. हा सगळा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कच्ची असते.

म्हणूनच नवशिक्याचा घात सहसा पहिल्या आठवड्यात होत नाही. दीड-दोन महिन्यांनी होतो. दम वाढलेला असतो, स्नायू जोमात असतात, मन म्हणते अजून पळ. आणि नडगीचे हाड किंवा टाचेवरचा स्नायुबंध अजून मागेच रेंगाळत असतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी "आत्ता कुठे छान जमायला लागले होते" असेच म्हणत येतात.

चेटपेटच्या मैदानावर

हे शास्त्र शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. नंदनमला हॅरी बक यांनी १९२० मध्ये सुरू केलेले वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. आणि चेटपेटला मद्रास ख्रिश्चन कॉलेज शाळेच्या मैदानावर १९८७ मध्ये एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले, वेगवान गोलंदाज घडवण्यासाठी. तिथे मार्गदर्शक म्हणून आले ऑस्ट्रेलियाचे डेनिस लिली.

लिलींची निवड अनेक अर्थांनी योग्य होती. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांच्या कंबरेच्या मणक्यांना ताणाने चिरा पडल्या. सहा आठवडे धड प्लास्टरमध्ये. वेगवान गोलंदाज संपला असे म्हणायला एवढे पुरेसे होते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक फ्रँक पाइक यांनी त्यांना हाताशी धरले. पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंची बांधणी, धावणे, मग गोलंदाजी, असा पायरीपायरीने कार्यक्रम आखला आणि घाई करू दिली नाही. १९७४-७५ च्या मोसमात लिली परतले आणि त्यांनी इंग्लंडची दाणादाण उडवली. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ३५५ कसोटी बळी होते, त्या वेळचा जागतिक विक्रम. यांतले बरेचसे बळी त्या दुखापतीनंतरचे आहेत.

या मैदानावर १९८७ मध्ये मुंबईचा एक शाळकरी मुलगा वेगवान गोलंदाज व्हायला आला होता. लिलींनी त्याला, बाळा, तू फलंदाजीकडेच लक्ष दे, असा सल्ला दिला. तो मुलगा सचिन तेंडुलकर. नाही म्हणणारा गुरू किती उपकार करतो याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे २००४ मध्ये सचिनलाही टेनिस एल्बोने गाठले, २००५ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि धीर धरून परतल्यानंतर तो २०१३ पर्यंत खेळला.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान याच फाउंडेशनमध्ये टी. ए. शेखर यांच्या देखरेखीखाली घडला आणि २००० मध्ये भारताकडून खेळू लागला. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त जोर त्या पायावरून कंबरेत जातो. असे दिवसाला शंभर-सव्वाशे वेळा. २००३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ब्रिस्बेनला झहीरने पाच बळी घेतले, आणि त्याच दौऱ्यात मांडीमागचा स्नायू, ज्याला आपण हॅमस्ट्रिंग म्हणतो, दुखावला. पुढची दोन-तीन वर्षे संघात आत-बाहेर गेली. २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून कौंटी खेळला, धाव आखूड केली, वेगापेक्षा कौशल्यावर भर दिला आणि त्या मोसमात कौंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत नऊ बळी घेऊन भारताला इंग्लंडमधली मालिका जिंकून दिली.

२०११ चा विश्वचषक आठवा. झहीरचे २१ बळी, स्पर्धेत संयुक्तपणे सर्वाधिक. अंतिम सामना २ एप्रिलला झाला आणि सहाव्या दिवशी आयपीएल सुरू झाले. जुलैमध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावले आणि तो दौरा त्याच्यापुरता संपला. एका दुखापतीला एकच कारण असते असे मी म्हणणार नाही. पण वर्षाच्या वेळापत्रकात विश्रांतीचा रकानाच नसला की शरीर तो रकाना स्वतःच्या हाताने, स्वतःला हवा तेव्हा भरते. तरीही ३११ कसोटी बळी घेऊनच हा गडी थांबला, ते शरीराशी जुळवून घेण्याच्या शहाणपणामुळे.

तालमीतले वेळापत्रक

मित्रांनो, हे शहाणपण आपल्याला नवे नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीची दिनचर्या आठवा. पहाटे उठून कसरत आणि लाल मातीत कुस्तीचा सराव. मग खुराक. एकमेकांच्या अंगाला मालीश. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत, आणि रात्री लवकर अंथरूण. चोवीस तासांत मेहनतीचे तास मोजके, बाकी सगळा वेळ सावरण्याचा. माती हौदात घालतानाही तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली, म्हणजे पडणारा गडी जपलेला. आणि या सगळ्यावर वस्तादाची नजर. नव्या पोराने पहिल्या दिवशी किती जोर-बैठका मारायच्या हे वस्ताद ठरवी, पोरगा नव्हे. "आज बस कर" हा शब्दही त्याचाच.

आज आपल्या मुलांकडे उत्तम बूट आहेत, हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळ आहे, फोनवर तयार कार्यक्रम आहे. नाही तो वस्ताद. ओएमआरवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहणारा मुलगा रात्री अकराला अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग संपवतो, पहाटे पाचला जिममध्ये जातो, आणि त्याला "आज नको जाऊस" म्हणायला घरात कोणी नसते. ग्रुपवर मात्र "अजून एक फेरी!" म्हणणारे वीसजण असतात.

तेव्हा ज्यांना वस्ताद नाही त्यांनी स्वतःच थोडे वस्ताद व्हावे, यासाठी काही मोजक्या गोष्टी सांगतो.

काही पथ्ये

पहिले पथ्य, एकदम उडी नको. धावण्याचे अंतर, वेग आणि उचलायचे वजन यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवा, तीही थोडी. तीन आठवडे वाढवा, चौथ्या आठवड्यात भार कमी करा. आजारपणानंतर किंवा दिवाळीला गावी जाऊन आल्यानंतर जिथे सोडले तिथूनच नव्हे, मागे येऊन सुरुवात करा.

इथे एक इशारा. सवय नसताना पैजेखातर शेकडो बैठका किंवा पुल-अप्स मारले की कधी कधी स्नायू इतके फुटतात की त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करते. एक-दोन दिवसांत असह्य दुखणे, सूज, हात-पाय निकामी वाटणे आणि लघवी कोकाकोलासारखी काळपट होणे ही लक्षणे दिसली तर मालीश करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. यात जीव जाऊ शकतो.

दुसरे पथ्य झोपेचे. लॉस एंजेलिसमध्ये शाळकरी खेळाडूंची पाहणी झाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या १.७ पट आढळली. गाढ झोपेतच शरीर वाढीचे संप्रेरक भरपूर सोडते. पाच तास झोपून व्यायामाला जाण्यापेक्षा त्या दिवशी सात तास झोपणे हा जास्त चांगला व्यायाम आहे. आळशी मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, हे रोजसाठी नाही!

तिसरे, अंग गरम करणे. थंड अंगाने खाली वाकून बोटे पकडत राहण्याला वॉर्म-अप म्हणत नाहीत. हलके धावणे, एका पायावर तोल, उड्या मारून मऊ उतरणे, मांडी-पोटाचे जोर असा वीस मिनिटांचा कार्यक्रम हवा. नॉर्वेत जवळपास १९०० फुटबॉलपटू मुलींवर असा कार्यक्रम वापरून पाहिला, तेव्हा दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्याचे २००८ मध्ये दिसून आले. गुडघ्यावर बसून, कुणीतरी घोटे धरून, हळूहळू पुढे झुकण्याचा एक व्यायाम आहे. त्याने हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर येतात. खर्च शून्य.

चौथे, आपली चेन्नई. पुण्या-नाशिकहून आलेल्या माणसाला इथला उन्हाळा लक्षात येतो, पण दमटपणा लक्षात येत नाही. घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला तर अंग थंड होते, आणि इथे तो वाळतच नाही. शरीराला या हवेची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस वेग विसरा. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. ते भरताना नुसते पाणी लिटरच्या लिटर ढोसू नका, त्यानेही रक्तातले मीठ धोकादायक पातळीवर उतरते. तमिळ शेजाऱ्यांचे मोर, म्हणजे आपले मीठ घातलेले ताक, आणि सोबत शहाळे यांची बरोबरी रंगीत बाटल्यांना क्वचितच येते. आणि धावताना कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर तो उष्माघात समजा. अशा वेळी आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा टब, तो नसेल तर मिळेल तेवढे गार पाणी अंगावर, आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेला फोन.

पाचवे, गोळ्यांचे. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन पळण्याची खोड अनेकांना लागली आहे. अंगातले पाणी घटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात. शिवाय वेदना हा शरीराचा वस्ताद आहे, त्याचे तोंड बांधून मैदानात जाऊ नका.

दुखापत झाल्यावर

अंग आंबणे आणि दुखापत यांत फरक ओळखायला शिका. दोन्ही मांड्या सारख्या दुखतात, हालचालीने मोकळ्या होतात, तीन दिवसांत उतरतात, हे आंबणे. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखते, रोज वाढत जाते, रात्री जाग आणते किंवा सांधा सुजतो, ही दुखापत. तिच्यासाठी तपासणीला जावे. पण पूर्ण बिछान्यावर पडून राहणेही बरोबर नाही. बहुतेक दुखापतींत बेताचे ओझे हेच औषध असते, मात्रा ठरवणारा जाणकार हवा.

आणि परतण्याची घाई नको. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, सैन्यात राहून ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. इतक्या तयारीच्या खेळाडूलाही अपघात चुकत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने होईपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने पुढे ढकलावे, तितके दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास अर्ध्याने घटते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. कॅलेंडरबरोबर ताकदही तपासावी. दुखऱ्या पायाचा जोर चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के झाल्याशिवाय परतू नये.

मंडळाकडे एक मागणे

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. पुढच्या वर्षीच्या क्रीडा स्पर्धांची तारीख किमान आठ आठवडे आधी जाहीर करावी, म्हणजे कोणी दोन दिवसांच्या तयारीने रस्सीखेच खेळायला येणार नाही. सुरुवातीला सर्वांनी मिळून वीस मिनिटे अंग गरम करावे. मैदानावर बर्फ आणि ताक ठेवावे. आणि आपल्यातल्याच एका जाणत्या माणसाला त्या दिवसाचा वस्ताद नेमावे. बक्षीस देण्याचा अधिकार त्याला नको. त्याचा अधिकार एकच, "तू आता थांब" असे म्हणण्याचा, आणि तो शब्द अध्यक्षांनीही मानायचा.

आई-वडिलांनाही हेच सांगेन. मुलगी स्पर्धा जिंकून आली की फोटो जरूर काढा. पण ती दमून आली, चिडचिड करू लागली, तिची पाळी अनियमित झाली, सकाळचे ठोके नेहमीपेक्षा वाढलेले दिसले, तर त्या दिवशी तिच्या बाजूने "आज सुट्टी" म्हणणारे तुम्ही व्हा. खाशाबांसाठी हेलसिंकीत कुणी उभे नव्हते. आपल्या मुलांसाठी आपण या गावी आहोत.

बाप्पा बुद्धीची देवता आहे. शक्ती आपण मेहनतीने मिळवू, ती कुठे थांबवायची याची बुद्धी त्याने आपल्याला द्यावी, एवढे मागतो आणि महाप्रसादाची वाट मोकळी करतो.

गणपती बाप्पा मोरया!